वकिलातीच्या दारातला नारळ

इंदापूर तालुक्यातल्या बावड्याहून निघताना माझ्यापाशी एकच बॅग होती. माझे व्याही आबा यांच्यापाशी तीन होत्या. आबा बारामती तालुक्यातल्या कऱ्हाटीचे. ते काही वर्षे सरपंच होते. पद गेले, सवयी राहिल्या. त्यांची तिसरी बॅग शाली, फेटे आणि नारळ यांनी भरलेली होती. आमच्या भागात कोणत्याही कचेरीत पाऊल ठेवायचे तर आधी साहेबांचा सत्कार होतो आणि मग कामाची गोष्ट निघते. मी साखर कारखान्यात ऊसविकास अधिकारी होतो. निवृत्तीपर्यंत मलाही अशा पुष्कळ शाली मिळाल्या. त्या कपाटात आहेत. त्यांतल्या एकीचीही घडी मी मोडलेली नाही.

आम्हाला पोर्ट ऑफ स्पेनला जायचे होते. दक्षिण अमेरिकेच्या माथ्याशी, कॅरिबियन समुद्रात त्रिनिदाद नावाचा देश आहे. त्याची ही राजधानी. आबांचे चिरंजीव अमोलराव तिथल्या वायुप्रकल्पावर अभियंता आहेत. माझी मुलगी वैशाली त्यांना दिली आहे.

हा प्रवास हौसेचा नव्हता. वैशालीला तिकडे मुलगी झाली. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही आमच्याकडची रीत. पण डॉक्टरांनी तिला विमानात बसू दिले नाही. माझी पत्नी शकुंतला हिला ते फार लागले. त्यातच तिच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्याचे निघाले. बारामतीच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला उशीर करू नका असे बजावले. तिने सर्वांसमक्ष नकार दिला. "लेक आन् नात माज्या घरात आल्याबिगर मी त्या टेबलावर झोपनार न्हाय," एवढे म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली. आमच्या सबंध संसारात तिने घातलेली ही पहिली अट. अमोलरावांना रजा नव्हती. तान्ह्या मुलीला घेऊन वैशालीने इतक्या लांबून एकटीने यावे हे मला मान्य नव्हते. तेव्हा त्यांना आणायला मीच जाणार हे ठरले. मी परत येईपर्यंत शकुंतला पळसदेवला, तिच्या भावाकडे राहणार होती.

आबा का आले ते तेव्हा मला कळले नाही. निघण्याच्या आधी ते बावड्याला आले होते. ओसरीवर शकुंतलेशी बराच वेळ बोलत बसले आणि उठताना म्हणाले, "तात्या, मी बी येतो." नातीला पाहायची घाई असेल असे मी धरले. मुलीच्या बापाने व्याह्यांना कारण विचारायचे नसते.

त्रिनिदादच्या विमानतळावर पहिला धक्का बसला. जकात अधिकारी एक उंच, सावळ्या बाई होत्या. त्यांनी आबांची तिसरी बॅग उघडली, नारळ एकेक करून टेबलावर ठेवले आणि बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या. बाहेरच्या देशातून कोवळे-वाळके कोणतेही फळ आत नेता येत नाही, असे त्यांनी सांगितले. मग हसू दाबून विचारले, ज्या बेटाच्या सगळ्या किनाऱ्यांवर नारळच आहेत तिथे नारळ घेऊन येण्याची बुद्धी कोणाची? आबांना इंग्रजी कळत नाही. त्यांनी मान हलवली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. नारळ जप्त झाले. शाली वाचल्या.

शहराकडे नेणारा मोटारचालक अमोलरावांनी पाठवला होता. त्याचा चेहरा थेट इंदापूरच्या बाजारातला. पण हिंदीचा एक शब्द त्याला येत नव्हता. त्याच्या पणजोबांना इंग्रजांनी ऊसतोडीसाठी बिहारकडून जहाजाने आणले होते. या देशातल्या भारतीय वंशाच्या बहुतेक लोकांची हकीकत हीच आहे. घराघरांच्या अंगणात बांबूवर रंगीत निशाणे फडकत होती. त्यांना तिथे झंडी म्हणतात (पूजा झाल्याची खूण). माणसे आपली, देव आपले, बोलणे सर्वस्वी परके.

महामार्गाच्या दोन्ही बाजूंना सपाट, काळपट रान पसरले होते. त्यात माणूसभर गवत माजले होते. इथे काय पिकते, असे मी विचारले. काही नाही, पूर्वी ऊस होता, असे तो म्हणाला. आणि कारखाना? तो बंद झाला; लोकांना घरी बसवले. मग साखर? ती बाहेरून येते.

मी गाडी थांबवायला सांगितली. ज्या पिकासाठी माणसे समुद्रापलीकडून आणली, ज्याच्या पायी एक सबंध समाज आपली भाषा विसरला, ते पीकच तिथे उरले नव्हते. गवतात उसाचे एक बेट मात्र उभे होते. कोणी न लावलेले, कोणी न तोडलेले. मी एक कांडे मोडून पाहिले. आत पोकळ होते. आबा कमरेवर हात ठेवून माझ्यामागे उभे राहिले.

"तात्या, हितली तोड कवा यायची?"

"येणार नाही, आबा."

"मंग तुमचं हितं काय काम न्हाय. चला, पोरगी वाट बघती."

वैशाली दारात उभी होती. बाळ झोपले होते. हाताची मूठ वळलेली होती. आबांनी त्या मुठीला बोट लावले आणि मोठ्याने बोलायला सुरुवात केली, ती थांबवली नाही. मी खुर्ची घेऊन जवळ बसलो.

दुसऱ्या दिवसापासून कचेऱ्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. पोर्ट ऑफ स्पेन हे शहर डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत आहे. त्याच्या मध्यभागी क्वीन्स पार्क सव्हाना नावाचे अफाट मैदान आहे. तेही पूर्वी उसाचे रान होते असे सांगतात. कडेने पुई नावाची झाडे पिवळ्या फुलांनी इतकी लगडली होती की पान दिसत नव्हते. या मैदानाच्या पश्चिमेकडच्या शांत गल्ल्यांमधून परदेशांच्या वकिलाती आहेत. पांढऱ्या भिंती, काटेरी तारा, दाराशी रखवालदार, आणि वर त्या त्या देशाचा ध्वज. लोकसंख्येने हा देश आपल्या पुणे जिल्ह्याहून कितीतरी लहान. तरी एका गल्लीतून दुसरीत वळेपर्यंत मी इतक्या देशांचे ध्वज पाहिले की काहींची नावे वैशालीला विचारावी लागली. एका वकिलातीच्या भिंतीलगत समुद्रापलीकडच्या शेजारी देशातून आलेली माणसे कुटुंबकबिल्यासह बसली होती. बायकांच्या मांडीवर मुले होती. दाराआड काय चालले आहे हे दाराबाहेरच्यांना कळू नये, अशीच सगळ्या वकिलातींची बांधणी असते.

भारताच्या कचेरीला तिथे दूतावास म्हणत नाहीत. उच्चायुक्तालय म्हणतात (ब्रिटिशांच्या राज्यातून सुटलेले देश परस्परांकडे ठेवतात ती वकिलात). बाळाचा पासपोर्ट तिथून मिळाला. काम वेळेत झाले आणि अधिकारी सौजन्याने वागले. धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. पासपोर्टवर नाव छापून आले होते. पाळणा हलला नाही, आत्याने कानात नाव सांगितले नाही, आणि सरकारदरबारी मुलगी नावाने हजर झाली. आबांना मी ते वाचून दाखवले. त्यांनी कानांवर हात ठेवले. बारसे होईपर्यंत ते नाव आपण ऐकलेच नाही, असे त्यांनी जाहीर केले आणि शेवटपर्यंत पाळले.

खाण्याचेही लिहिले पाहिजे. डबल्स नावाचा पदार्थ तिथे रस्त्यावर उभ्याने खातात. हळद घातलेल्या दोन मऊ पुऱ्या (त्यांना 'बारा' म्हणतात) आणि त्यांवर छोल्यांची पातळ उसळ. विक्रेता तिखट किती घालू म्हणून विचारतो. इंदापूर-बारामतीच्या माणसाला हा प्रश्न अपमानकारक वाटतो. आबांनी हाताने भरपूर घाल अशी खूण केली. तिथली मिरची आकाराने टोमॅटोच्या पिल्लासारखी आणि दिसायला गरीब असते. पहिल्या घासानंतर आबा गप्प झाले. दुसऱ्यानंतर फुटपाथवर बसले. विक्रेत्याने न मागता पाण्याची बाटली दिली. ठेचा खाऊन मोठा झालेला माणूस परदेशी मिरचीपुढे रडताना मी प्रथमच पाहिला.

आता मूळ अडचण सांगतो. परतीच्या वाटेवर एका युरोपीय देशात विमान बदलायचे होते. त्या देशाचे नाव मी लिहीत नाही. नुसते विमान बदलायलाही तिथली परवानगी लागते. आबांची आणि माझी परवानगी जाण्यायेण्याची होती. वैशालीची आणि बाळाची पोर्ट ऑफ स्पेनमधल्या त्या देशाच्या वकिलातीतून काढायची होती. भेटीची वेळ मोठ्या खटपटीने मिळाली होती. ती हुकली तर पुढची वेळ कित्येक आठवड्यांनी मिळणार होती, आणि शकुंतलेच्या रक्तवाहिन्या आठवडे मोजून थांबणाऱ्या नव्हत्या.

भेटीच्या आदल्या दिवशी शकुंतलेचा फोन आला. व्हिडिओत तिचा चेहरा मला उतरलेला वाटला. धरणाचे पाणी उतरले आहे, पाण्याखाली गेलेल्या पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर दिसू लागले आहे, असे काही तिने सांगितले. मग एकाएकी म्हणाली, "तुमी बाळाला मांडीवर घेतलंच न्हाय अजून. घ्या बगू. मला दिसू द्या." मी तान्ही मुले घेत नाही हे तिला ठाऊक आहे. तरी मी घेतले. तिने बराच वेळ पाहिले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा आबा गॅलरीत उभे राहून हलक्या आवाजात फोनवर बोलत होते. आपल्याकडे त्या वेळी दुपार असते. मला पाहताच त्यांनी फोन खिशात घातला आणि पंचाने तोंड पुसले. कोणाचा फोन, असे मी विचारले. गावाकडचा, काही विशेष नाही, असे ते म्हणाले. मग अंघोळ करून त्यांनी पांढरा नेहरू शर्ट घातला, फेटा बांधला आणि नारळ पाहिजे म्हणून हट्ट धरला.

वकिलातीत जाताना नारळ कशाला, असे मी विचारले.

"मन झालं," आबा म्हणाले.

सव्हानाच्या कडेला गाड्यांवर शहाळी विकतात. आबांनी एका विक्रेत्याला नारळ मागितला. त्याने रिवाजाप्रमाणे कोयत्याने शहाळ्याचा माथा उडवला. आबा ओरडले. त्याने दुसरे घेतले, पुन्हा तेच. पाणी पिणाऱ्याने नारळ अखंड का मागावा हे त्या माणसाला समजेना. अखेर वैशालीने बाळ माझ्याकडे देऊन त्याला इंग्रजीत समजावले. त्याने गाडीखालून एक वाळका, सोललेला नारळ काढून दिला, तोही आपण वेड्यांशी व्यवहार करत आहोत अशा चेहऱ्याने.

वकिलातीच्या दाराशी तपासणी झाली. यंत्राच्या पडद्यावर आबांच्या पिशवीत एक घन, गोल वस्तू उमटली. रखवालदार ताठ झाला. त्याने आम्हाला मागे सरायला लावले, पिशवी लांब धरून उघडली आणि आत नारळ पाहून सहकाऱ्यालाही बोलावून दाखवला. नारळ दाराशी ठेवून जा, असा त्याने निर्णय दिला. आबांनी नारळ पायरीच्या कोपऱ्यात नीट उभा करून ठेवला आणि त्याला हात जोडले. शाल त्यांच्या खांद्यावर होती. ती कपड्यांत मोजली गेली.

आत जाड काचेमागे एक गोऱ्या, तरुण बाई बसल्या होत्या. काचेखाली कागद सरकवण्यापुरती फट होती. वैशालीने कागद दिले. बाईंनी ते पाहिले, बाळाचा चेहरा फोटोशी ताडून घेतला आणि हसल्या. काम होणार हे मला दिसले. त्याच क्षणी आबांनी खांद्यावरची शाल उतरवली, तिची घडी घातली आणि ती फटीतून आत सरकवायला सुरुवात केली.

मी शेजारीच उभा होतो. हात धरून त्यांना थांबवता आले असते. पण मुलीच्या बापाचा हात चारचौघांत व्याह्यांच्या हाताला धरत नाही. माझ्या आयुष्यात तो कधी धरला गेला नव्हता, आणि त्या दिवशीही गेला नाही. शाल काचेपलीकडे पोचली.

बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी हात उचलून घेतले, जणू कापड तापलेले होते. त्यांनी आतून वरिष्ठांना बोलावले. वरिष्ठांनी इंग्रजीत सावकाश विचारले, ही भेटवस्तू आहे काय? एवढा एक शब्द आबांना येत होता.

"व्हय, व्हय. गिफ्ट," ते हसून म्हणाले.

पुढचे थोडक्यात सांगतो. शाल एका ट्रेमधून परत आली. तिच्यामागून कागद परत आले. अर्जाचा निर्णय होण्यापूर्वी अधिकाऱ्याला वस्तू देऊ केल्यामुळे अर्ज विचारात घेता येत नाही. नव्याने वेळ घ्यावी. मी आमची रीत समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. त्यांनी ती शांतपणे ऐकली. त्यांचा नियम बरोबर होता, हे मला आजही मान्य आहे. आमच्याकडे ज्याला सन्मान म्हणतात त्याला बाहेरचा माणूस काय म्हणेल, हा विचार माझ्या मनात त्या काचेसमोर प्रथम आला.

बाहेर आल्यावर वैशाली माझ्याकडे वळली. सासऱ्यांना ती काही बोलणार नव्हती.

"बाबा, तुम्हाला दिसत होतं. तुम्ही का नाही थांबवलंत? आई तिकडे थांबलीय."

रखवालदाराने आबांचा नारळ त्यांच्या हाती दिला. आबा सव्हानाच्या कडेपर्यंत चालत गेले, एका दगडी कठड्यापाशी थांबले, डोळे मिटून काही पुटपुटले आणि नारळ फोडला. पाणी जमिनीवर गेले. मग त्यांनी खिशातल्या चाकूने खोबऱ्याचे तुकडे केले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटू लागले. काळी माणसे, गोरी माणसे, शाळेच्या मुली, सगळ्यांना. लोक घेत होते, कपाळाला न लावता खात होते आणि आभार मानत होते.

मी सुन्न झालो. आपल्याकडे नारळ कार्यारंभी फोडतात किंवा नवस फेडताना. काम बिघडल्यावर नारळ फोडून प्रसाद वाटणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी आबांपाशी गेलो आणि नाते जुळल्यापासून जे केले नव्हते ते केले.

"आबा, तिकडे माझी बायको मरणाच्या दारात बसली आहे. तुम्हाला प्रसाद सुचतो?"

आबांच्या हातातला तुकडा हातातच राहिला. त्यांनी तोंड उघडले, मिटले, आणि खाली पाहिले.

"विहीणबाई बऱ्या हायेत, तात्या," ते म्हणाले. "बोला मला काय बोलायचं ते. पर खोबरं घ्या."

मी ते घेतले नाही.

त्यानंतरचे काही दिवस वाईट गेले. पळसदेवला फोन केला की मेहुणा उचलायचा. ताईचा घसा बसला आहे, डॉक्टरांनी बोलू नको म्हटले आहे, पाण्याच्या कडेला व्हिडिओ चालत नाही, अशी त्याची उत्तरे असत. तब्येत खालावत आहे आणि मेहुणा लपवत आहे, असा अर्थ मी लावला. वैशाली रात्रंदिवस दुसरे मार्ग शोधत होती. आबा मात्र पोटभर जेवत आणि बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालत. त्यांच्या निर्घोरपणाचा मला संताप येई. मी त्यांच्याशी कामापुरते बोलत होतो.

अखेर एक लांबचा रस्ता सापडला. मध्य अमेरिकेतल्या एका लहान देशातून जायचे, तिथून आणखी एका विमानतळावर, आणि मग मुंबई. त्या लहान देशाची संमती चौघांनाही हवी होती. पण त्याची पोर्ट ऑफ स्पेनमध्ये वकिलातच नव्हती. त्याचे काम एक मानद वाणिज्यदूत पाहत होत्या (पगार न घेता परक्या देशाचे काम करणारा स्थानिक नागरिक). पत्ता जुन्या बाजारपेठेतला होता.

पांढरी भिंत आणि ध्वज शोधत आम्ही दोनदा गल्ली पालथी घातली. तो पत्ता एका हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला. पुढे रंगाचे डबे, बिजागऱ्या, दोरखंडाची वेटोळी. त्यांच्या मागे एक टेबल, टेबलावर परक्या राष्ट्राचा हातभर ध्वज, आणि त्याच्याशेजारी खिळ्यांचा तराजू. एका सार्वभौम देशाचे प्रतिनिधित्व खिळ्यांच्या तराजूशेजारी चालते हे पाहून मी दारातच थबकलो. मिसेस रामदीन नावाच्या वृद्ध बाई गिऱ्हाइकाला नळाची तोटी देत होत्या. ती देऊन, हात पुसून त्या टेबलामागे येऊन बसल्या, आणि त्या क्षणी दुकानदाराच्या वाणिज्यदूत झाल्या. बसण्याची ढबही बदलली.

प्रवासाचे कारण त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी चष्मा काढला.

"तुमची पत्नी बाळाला पाहिल्याशिवाय शस्त्रक्रिया करून घेणार नाही? आणि तुम्ही ते खरे मानले?"

बायकोचा शब्द न मानण्याचे कारण काय, असे मी विचारले. त्यांनी कागद बारकाईने वाचले, एक फोन केला, त्या लहान देशाच्या भाषेत काही मिनिटे बोलल्या आणि चारही पासपोर्टांवर शिक्के उमटवले. आबा तोवर स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. शाल पिशवीतून बाहेर आली नव्हती.

शिक्का खणात गेला. कुलूप लागले. काम संपले होते. आता त्यात कोणाचा काही स्वार्थ उरला नव्हता. मी उठलो, आबांच्या पिशवीतून शाल काढली आणि मिसेस रामदीन यांच्या खांद्यांवर घातली. हे मी त्यापूर्वी कोणासाठी स्वतःहून केले नव्हते. त्यांना ती कशी घ्यायची हे ठाऊक नव्हते. त्यांनी ती ओढून डोक्यावर घेतली आणि पदरासारखी हनुवटीखाली धरली. त्यांची आजी असे करत असे, असे त्या म्हणाल्या. आजीला त्या 'आजी'च म्हणाल्या; इंग्रजीत बोलताना मध्येच तो एक शब्द आपला. आबांनी नाक शिंकरले.

परतीचा प्रवास लांब आणि कंटाळवाणा होता. बाळाने तो आमच्यापेक्षा बरा सोसला. मुंबईहून गाडी पुणे ओलांडून सोलापूर रस्त्याला लागली, भिगवण मागे पडले आणि डाव्या हाताला धरणाचे पाणी चमकू लागले. ते फारच आत गेले होते. उघड्या पडलेल्या गाळावर बगळे होते, आणि दूर जुन्या देवळाचे शिखर उभे होते. आम्ही पळसदेवच्या फाट्यावर वळलो.

मेहुण्याच्या ओट्यावर शकुंतला खुर्चीत बसली होती. ती उठली नाही. रोडावली होती. वैशालीने बाळ तिच्या मांडीवर ठेवले, तेव्हा ती वाकली आणि पदर थोडा सरकला. गळ्याखालून, मधोमध, एक ताजी, लाल रेघ खाली गेलेली मला दिसली.

मी ती रेघ पाहत राहिलो. ऊसविकास अधिकाऱ्यालाही शस्त्रक्रियेचा टाका ओळखता येतो.

"कधी?" मी विचारले.

"तुमी त्या वकिलातीत गेलता त्या दिशी," ती बाळाकडे पाहतच म्हणाली. "भावानं सही केली."

"आणि अट?"

"अट घातली न्हाय तर तुमी गेला असता व्हय? दवाखान्याच्या बाकावर एकटं बसून राहिला असता, कुणाशी अक्षर न बोलता." तिने बाळाची कुंची सारखी केली. "काय बरंवाईट झालंच असतं तर तुमी लेकीजवळ असावं. मांडीवर ही असावी. म्हनून धाडलं. आन् आबा सोबत असावंत, म्हंजी सांगायला कुनीतरी आपलं असंल. पर बरं झालं तर म्या सोता सांगितल्याबिगर कुनाला काय सांगायचं न्हाय, अशी शपथ घातली हुती त्यांना."

वैशाली रडू लागली. तिला यातले काही माहीत नव्हते. मी मागे वळून पाहिले. आबा गाडीच्या डिकीपाशी पाठमोरे उभे राहून, एकही गाठ नसलेली पिशवी सोडवत होते.

पहाटेचा फोन, पंचाने पुसलेले तोंड, पांढरा शर्ट, अखंड नारळासाठीचा हट्ट, सव्हानाच्या कठड्यावरचा प्रसाद: हे सगळे एकामागून एक जागेवर बसले. माझी पत्नी शस्त्रक्रियेतून जिवंत बाहेर आली आहे हे त्या सकाळी त्या देशात एकाच माणसाला ठाऊक होते, आणि त्याला ते बोलायची बंदी होती. तो भेटेल त्या माणसाला शाल देत सुटला असता. मी त्याला चारचौघांत जे बोललो ते त्याने ऐकून घेतले आणि मला खोबरे देऊ केले.

मी परदेशात पुष्कळ वकिलाती पाहिल्या. पाठवणाऱ्याचे गुपित पोटात ठेवणे आणि परक्याचा राग त्याच्या वतीने सोसणे हे वकिलाचे, म्हणजे राजदूताचे, काम असते, एवढे मला समजले. त्या कामाचा सर्वांत पक्का माणूस माझ्याच बाजूला बसून प्रवास करत होता.

बारसे बावड्याला झाले. आत्याने नाव कानात सांगितले, आणि आबांनी ते जणू प्रथमच ऐकले. पाहुणे पांगल्यावर मी कपाट उघडले. वरच्या शालीची घडी मोडली, देवापुढचा नारळ उचलला आणि ओसरीवर बसलेल्या आबांच्या खांद्यावर शाल घालून नारळ हातात दिला.

आबा गोंधळले. "तात्या, ह्यो कशाचा सत्कार?"

"मन झालं," मी म्हणालो.

आबा उठून पायरीपर्यंत गेले, नारळ फोडला आणि पहिला तुकडा माझ्यापुढे धरला. या वेळी मी तो घेतला.